चार ऑक्टोबरचा चौकोन

किताकामी
रविवार, १२ नोव्हेंबर २०२३

प्रिय दादा,

नागोयात अजून दुपारी पंखा लागतो असं वहिनी फोनवर म्हणाली. इथे मी गुरुवारी रॉकेलची शेगडी बाहेर काढली. तुम्ही तिघं बरे असाल. आत्याचा रक्तदाब ठीक आहे, जेवण ठीक आहे, उजवा हात आहे तसाच आहे.

१७ ऑक्टोबरला मी तुला पाठवलेल्या पत्रात चुका आहेत. त्या आधी दुरुस्त करते.

मागच्या अंगणात मुळ्याच्या अकरा माळा वाळत घातल्या असं मी लिहिलं होतं. नऊ घातल्या होत्या. आत्या दुपारी चारला झोपते असं लिहिलं होतं. ती झोपत नाही. डोळे मिटून बसते, आणि तेही मी खोलीत असले तरच. मार्चमधल्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर आत्याकडे आता तीनच शब्द उरलेत, असंही लिहिलं होतं. तिच्या वृद्धांच्या दिवसकेंद्रातल्या लोकांनी सप्टेंबरअखेर मोजले तेव्हा एकतीस होते. तीन आहेत ते घरातले.

आणि राहायूबद्दल लिहिलं होतं, ते. तिकडे मी येतेच आहे.

फोनवर हे सांगता आलं असतं. पण फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि मला वाटतं, झालं सांगून. शिवाय तू हसतोस. "एक गोळी कमी भरली तर मिसाओ स्वतःच पोलिसात जाऊन बसेल," हे तुझं वाक्य वहिनीने आमच्या औषधाच्या दुकानातल्या सगळ्यांना ऐकवलं आहे. तेव्हा मीही हसले होते. या वेळी खरंच जाऊन बसायची वेळ आली आहे. म्हणून हे शेवटपर्यंत वाच, आणि वाचून झाल्यावर लगेच फोन करू नकोस.

राहायू म्हणजे जावाहून आलेली ती मुलगी. आत्या सोमवार, बुधवार, शुक्रवार ज्या केंद्रात जाते तिथे ती तीन वर्षं काम करते आहे. चोवीस वर्षांची आहे, डोक्याला रुमाल बांधते. जानेवारीत तिची शुश्रूषेची सरकारी परीक्षा आहे. ती पास झाली तर तिला इथे राहता येईल, नाही तर परत जावं लागेल. येत्या शुक्रवारी, १७ तारखेला तिचा केंद्रातला शेवटचा दिवस आहे. तिला वर डोंगरातल्या शाखेत पाठवताहेत. तिथले सगळे रुग्ण अंथरुणाला खिळलेले, बोलणारं कोणी नाही. परीक्षेला दोन महिने असताना भाषा शिकणाऱ्या मुलीला तिथे पाठवणं म्हणजे काय, ते तुला कळेल. तिच्याविरुद्ध तक्रार कोणीच केलेली नाही. कागदावर कुठे एक वाईट शब्द नाही.

कागदावर एकच शब्द आहे आणि तो माझ्या अक्षरात आहे.

तुला आत्याचा पत्र्याचा डबा आठवतो? झाकणावर बगळा असलेला, आतून तांदळाच्या बिस्किटांचा वास येणारा. शाळेत परिचारिका होती तेव्हा ती तो खाटेच्या उशाशी ठेवायची. पोट दुखतं म्हणून आलेलं पोर काय होतंय ते सांगू शकलं नाही की ती त्याच्यासमोर पत्ते पसरायची. एकेका पत्त्यावर एक चित्र आणि एक जोडशब्द. ठसठस, चुरचुर, मळमळ, धडधड. मग दुसऱ्या रांगेत मनाचे: हुरहूर, चुटपुट, घालमेल, चरफड. पोर बोट ठेवायचं. बरीच पोरं पोटाच्या रांगेवरून सुरुवात करून मनाच्या रांगेवर थांबतात, असं ती म्हणायची.

मग माझी मूत्रपिंडं बिघडली, आणि तिने नोकरी सोडून तो डबा घरी आणला. सहा ते नऊ वर्षांपर्यंतची माझी शाळा म्हणजे आत्या, जेवणघरातलं ते बुटकं टेबल आणि बेचाळीस पत्ते. अक्षरं नंतर, बेरजा नंतर. आधी रोज सकाळी, "आज आत काय चाललंय?" मी पत्ता काढायचा, आणि मग ती माझा तळवा उताणा घेऊन त्यावर तो शब्द बोटाने करून दाखवायची. ठसठस म्हणजे दाबणं आणि सोडणं. हुरहूर म्हणजे मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत नखाने अगदी हलकी रेघ. तू दप्तर घेऊन दारात बूट चढवत असायचास आणि ओरडायचास, "आत्या, हिला गुदगुल्या करायचा पगार मिळतो का तुला?"

मला वाटायचं ही तळव्यावरची भाषा आमची दोघींची आहे. जगात आणखी कोणाला येत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षीही तसंच वाटत होतं, हे मला २२ सप्टेंबरपर्यंत माहीत नव्हतं.

त्या शुक्रवारी दुकानात गर्दी नव्हती. मी लवकर सुटले आणि आत्याला स्वतःच आणायला गेले. केंद्राच्या मोठ्या काचेतून आतलं सगळं दिसतं. खिडकीजवळच्या टेबलाशी आत्या (तिथे सगळे तिला फुमिएसान म्हणतात), शेजारी आपल्या जुन्या तांदळाच्या गिरणीचे किकुचीसान, आणि मध्ये राहायू गुडघ्यांवर बसलेली. मांडीवर वही. दार उघडंच होतं.

"किकुचीसान, पोटात शिकुशिकु म्हणालात. मी नर्सबाईंना काय सांगू? पुस्तकात नाही."

"पुस्तकात कसं असेल? माझं पोट पुस्तक लिहिणाऱ्याने पाहिलंय का? हे बघा फुमिएसान, मला कळ येतेय आणि ही पोरगी वही काढते! हिचा धडा पुरा होईपर्यंत मरायचीही सोय नाही."

"मरू नका. अजून नऊ शब्द राहिलेत," राहायू म्हणाली.

आणि आत्या हसली. दादा, मार्चपासून मी तिचा आवाज ऐकला होता, हसू ऐकलं नव्हतं. मग तिने डावा हात पुढे केला, राहायूचा तळवा उताणा घेतला आणि त्यावर करंगळीने एक छोटं वर्तुळ काढत राहिली. हळू, न थांबता, एकाच जागी. मूल कोपऱ्यात बसून बारीक रडत असावं तसं दुखणं. मी सहा वर्षांची असताना माझ्या हातावर काढलेलं तेच वर्तुळ.

"शि-कु-शि-कु," आत्या म्हणाली. चार अक्षरांना तिला किती वेळ लागला असेल! राहायू थांबली होती. नुसती तोंडाकडे बघत थांबली होती. मग तिने स्वतःच्या छातीवर हात आपटून दाखवला. "आमच्याकडे पण आहे असं. देग-देगन! परीक्षा, मुलगा, भूकंप, सगळ्याला देग-देगन."

"भूकंपाच्या आधी मुलगा म्हणाली, लिहून ठेवा," किकुचीसान म्हणाले. आत्या पुन्हा हसली आणि आपल्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "दोकिदोकि." हा शब्द मी तिला घरी सहा महिने म्हणायला लावत होते. एकदाही आला नव्हता.

मी आत गेले. सगळ्यांना वाकून नमस्कार केला, राहायूला "तुमचे फार उपकार" म्हणाले. गाडीत आत्याने डोळे मिटून घेतले.

माझ्या आत काय चाललं होतं ते लिहिते. मला राहायूचा तळवा आवडला नाही. तिची वही आवडली नाही, तिचं ते गुडघ्यांवर बसणं आवडलं नाही. घरी येऊन मी आत्यासमोर डब्यातले पत्ते मांडले आणि म्हटलं, "आता मला सांग. शिकुशिकु म्हण. तिला म्हणालीस ना?" आत्याने ओठ हलवले, "शि—" आणि मी म्हटलं, "कुशिकु." तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी हे नेहमी करते. तिच्या जिभेवर शब्द अर्धा येतो, तोवर मी उरलेला अर्धा पुढे सरकवलेला असतो. चुकली तर सुधारते. वाणी शिकवणाऱ्या बाईंनी मला दोनदा सांगितलं होतं, "मिसाओसान, थांबायला शिका." मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं, तारखेसकट. माझ्याजवळ भूक, झोप आणि लघवी हे तीनच शब्द का उरले, ते मला त्या दिवशी काचेतून दिसलं. पण दिसलं ते मी राहायूवर ढकललं.

इथून पुढचं नीट वाच.

केंद्राची निळी निरोपवही तू उन्हाळ्यात पाहिली आहेस. डाव्या बाजूला घरच्यांनी लिहायचं, उजव्या बाजूला केंद्राने. ताप, रक्तदाब, नाश्ता, झोप, आणि शेवटी एक छोटा चौकोन: आज मन कसं आहे. त्यात सगळे एकच जोडशब्द लिहितात. ४ ऑक्टोबरला, बुधवारी सकाळी, माझ्या हातून किटलीचं झाकण फरशीवर पडलं आणि आत्या दचकली. एकदाच. वही माझ्यासमोर उघडी होती. मी त्या चौकोनात लिहिलं: बिकुबिकु. दार वाजलं तरी अंग चोरणाऱ्या माणसाचा शब्द. आत्याच्या डब्यात त्या पत्त्यावर कोपऱ्यात बसलेला उंदीर आहे. आणि चौकोनाशेजारी, बारीक अक्षरात, मी लिहिलं, "सप्टेंबरअखेरपासून."

झाकण खरंच पडलं होतं, ती खरंच दचकली होती, या आधारावर मी जवळपास सहा आठवडे काढले. "सप्टेंबरअखेरपासून" या शब्दांना असा काही आधार नाही. ते मी बनवले.

दुपारी व्यवस्थापक ओनोदेरासान यांचा दुकानात फोन आला.

"चौकोन वाचला. घरी काही झालं का?"

"छे, घरी तसं काही नाही."

"मग आमच्याकडे काही..."

"नाही, नाही. विशेष काही नाही." आणि मग मी थांबले. जिथे थांबायला मला कोणी कधी शिकवू शकलं नाही, तिथे मी अगदी व्यवस्थित थांबले. आणि म्हणाले, "सोमवारी आणि शुक्रवारी घरी आल्यावर जरा जास्त जाणवतं, एवढंच."

सोमवार आणि शुक्रवार म्हणजे तेव्हा आत्याच्या टेबलावर राहायू असे. बुधवारी ती न्हाणीघराच्या कामावर.

"समजलं," ते म्हणाले. "सांगायला जड गेलं असेल. आभारी आहे."

आपल्याकडे एवढं पुरतं. कोणी कोणाला काही विचारत नाही. पुढच्याच सोमवारपासून राहायू कपडे धुण्याच्या खोलीत गेली. मग सतराला मी तुला लिहिलं, "आत्या त्या मुलीला घाबरते, जवळ आली की अंग चोरते." तू वीस तारखेला ओनोदेरासानना फोन केलास. मी तुला तसं सांगितलं नव्हतं. पण तू करशील हे मला माहीत होतं आणि म्हणूनच मी लिहिलं. पत्र टाकून घरी येताना मी दिवस मोजत होते: पोचायला दोन, वाचायला एक.

तुझ्या फोननंतर बदलीचं ठरलं. आणि राहायू टेबलावरून गेली तेव्हापासूनच आत्याचे केंद्रातलेही शब्द बंद झाले होते. उजव्या बाजूच्या पानांवर महिनाभर एकच नोंद आहे, "शांत होत्या."

मला वाटलं होतं, ती दूर गेली की शब्द माझ्याकडे येतील. किती मूर्ख हिशेब! पण खरंच तसंच वाटलं होतं.

(वर "महिनाभर" लिहिलं आहे. नोंदी ९ ऑक्टोबरपासून ८ नोव्हेंबरपर्यंतच्या, म्हणजे मोजून चौदा आहेत.)

गुरुवारी, ९ तारखेला, राहायू आमच्या दुकानात आली. केंद्रातल्या कोणाचं तरी औषध न्यायला आली असेल असं वाटलं, पण तिच्याकडे चिठ्ठी नव्हती. तिने आपल्या पद्धतीने पुरतं वाकून नमस्कार केला आणि एक लहान खोका पुढे केला. आत हात पुसायचे दोन टॉवेल होते, वर कागदाची पट्टी, त्यावर तिचं नाव.

"फुमिएसानना मी घाबरवलं," ती म्हणाली. "मला कळलं नाही. माफ करा."

"छे, छे, तसं काही नाही."

"बिकुबिकु मी शोधून काढलं. मग मी आठवलं, माझा हात कधी जोरात लागला? व्हीलचेअर जोरात ढकलली? मला एक गोष्ट सापडली. २९ सप्टेंबरला चहा गरम होता. तो असेल का?"

माझ्यामागे गोळ्या मोजायचं यंत्र चालू होतं. मी म्हटलं, "चहा... नाही, चहा नसावा."

"मग काय चुकलं ते सांगाल? मला रागावा, चालेल. तिकडे वरती पण म्हातारी माणसं आहेत. त्यांना तसं व्हायला नको."

दादा, मी तिला पुन्हा म्हटलं, "विशेष काही नाही." ती गेली. मी एकाच चिठ्ठीतल्या गोळ्या तीनदा मोजल्या, आणि मालकीणबाईंनी विचारलं, "तुमच्या ओळखीची का? किती छान बोलते!" आणि त्याही क्षणी, इतकं सगळं होऊनही, "किती छान बोलते" हे मला टोचलं. छान बोलते, कारण तिला माझ्या आत्याने शिकवलंय.

आता शुक्रवारचं.

परवा संध्याकाळी निरोपवही घरी आली तर तिच्यात काहीतरी जाड होतं. पोस्टकार्डाच्या आकाराचा पुठ्ठा. त्यावर डाव्या हाताने काढलेलं, थरथरत्या रेघांचं चित्र: बंद दाराची शेगडी, आणि दाराच्या सगळ्या फटींतून बाहेर येणाऱ्या ज्वाळा. खाली राहायूच्या शाळकरी, गोल अक्षरात: मेरामेरा.

वहीत तिने लिहिलं होतं, "फुमिएसान आज स्वतः खुर्ची ढकलत धुण्याच्या खोलीत आल्या. हे चित्र काढलं. शब्द त्यांनी म्हणून दाखवला, मी लिहिला. घरी द्यायचं आहे, अशी खूण केली. या शब्दाचा अर्थ मला अजून कळलेला नाही. चुकला असल्यास माफ करा."

तुला तो पत्ता आठवतो ना, आतल्या आत जळण्याचा? बेचाळिसातला एक, जो हरवला होता.

म्हणजे आणखी एक चूक दुरुस्त करायची राहिली, एकवीस वर्षांपूर्वीची. मी सात वर्षांची होते. तू शाळेतून यायचास, आत्या तुलाही विचारायची, "आज आत काय चाललंय?" आणि तुझ्याही तळव्यावर काढायची. (ती भाषा आमची दोघींचीच, हे वर लिहिलं ते फक्त मला हवं होतं म्हणून.) तुला शाळा होती, मित्र होते, पोहणं होतं, आणि वर माझी तळव्यावरची भाषाही. एका दुपारी मी तो मेरामेराचा पत्ता तुझ्या दप्तराच्या तळाशी घातला. तुला तो सापडायच्या आधीच आत्याने पत्ते मोजले आणि दोघांना समोर बसवून विचारलं. घेतला नाही, अशी तू शपथ घेतलीस. मग तुला तो सापडला, तू घाबरलास, तो कालव्यात टाकलास, शेजारच्या आजोबांनी तुला टाकताना पाहिलं, आणि तू खरंच चोर ठरलास. त्या वर्षी नदीकाठच्या शोभेच्या दारूकामाला मी आत्याबरोबर गेले. तू घरी राहिलास. "कोणीतरी माझ्या दप्तरात घातला," असं तू म्हणत होतास आणि मी आत्याचा हात धरून उभी होते. तू अजूनही वर्गातल्या त्या जाड्या मुलाला दोष देतोस. तो नव्हता.

आत्याने तो पत्ता पुन्हा कधी केला नाही. एक्केचाळीसच ठेवले. मला वाटायचं विसरली.

परवा मी पुठ्ठा हातात घेऊन तिच्यासमोर बसले. शेगडी पेटलेली होती, तिच्या पायांवर पांघरूण होतं. मी विचारलं, "हा डब्यासाठी आहे?" तिने मान हलवली, नाही. "राहायूसाठी?" नाही. मग मी पुढचं विचारलं नाही. तिने डावा हात पुढे करून माझा तळवा उताणा घेतला. मार्चपासून पहिल्यांदा. चारही बोटांनी तळव्याच्या मुळापासून वर, भराभर, पुन्हा पुन्हा, ज्वाळा वर जातात तशा. तिच्या बोटांत जोर नव्हता तरी झोंबलं.

"मे..." ती म्हणाली.

मला पुढचं येत होतं. माझी जीभ वळली होती. मी दात घट्ट मिटून घेतले. ती थांबली, तिने श्वास घेतला, ओठ वाकडा झाला, "रा" यायला किती वेळ गेला सांगता येत नाही, शेगडीवरची किटली मध्ये एकदा उकळून गेली आणि मी ती काढायलाही उठले नाही.

"मे-रा-मे-रा."

चौथा शब्द. घरातला चौथा शब्द, आणि तो माझं नाव असल्यासारखा. ती रागावलेली दिसली नाही. शाळेत एखादं पोर अर्धा तास पोट धरून बसल्यावर शेवटी बरोबर पत्त्यावर बोट ठेवायचं, तेव्हा ती "हं" म्हणायची. तशीच "हं" म्हणाली.

मी रडले वगैरे नाही. किटलीत नवं पाणी ओतलं. पण रात्रीच्या जेवणाला तिने भाताबरोबर लोणच्याचा मुळा मागितला, शब्दाने. मुळ्याच्या कुरकुरण्याचा शब्द. पाचवा.

आता काय करणार ते सांगते, कारण आधी सांगितलं नाही तर मी ते करणारच नाही, मला माहीत आहे मी कशी आहे. मी पुन्हा "विशेष काही नाही" म्हणेन.

चार ऑक्टोबरचं पान असलेली वही भरून गेली. ती केंद्राच्या कपाटात आहे. चुकीची नोंद कशी दुरुस्त करायची हे आत्यानेच शिकवलं: खोडायचं नाही, वर कागद चिकटवायचा नाही. चुकीच्या शब्दावर सरळ दोन रेघा, म्हणजे खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. शेजारी आपल्या नावाचा शिक्का. मग बरोबर शब्द. बिकुबिकुवर मी दोन रेघा मारणार आहे. आत्याच्या त्या दिवसाच्या मनाचा खरा शब्द मला माहीत आहे. ती केंद्राच्या व्हॅनची वाट बघत सकाळपासून उंबरठ्याशी बसली होती, चपला घालून, मान लांब करून. वाकुवाकु. उत्सवाच्या सकाळी मुलांना होतं ते. मी तो बघितला होता आणि लिहिला नव्हता.

मग ओनोदेरासान आणि राहायू दोघांच्या समोर सांगणार आहे की फोनवरचं सोमवार-शुक्रवारचं बोलणं खोटं होतं, तुला लिहिलेलं पत्र खोटं होतं, चहा बरोबर होता. राहायूला काय चुकलं हे विचारायचा हक्क होता. तिला उत्तर मिळेल: तुमचं काही चुकलं नाही, मी जळत होते. तो शब्द तिने स्वतःच्या हाताने लिहिलाय. अर्थ मी सांगेन.

याने बदली थांबेल की नाही, मला माहीत नाही. केंद्र आत्याला यापुढे घेईल की नाही, हेही माहीत नाही. खोटी नोंद करणाऱ्या घराचं माणूस त्यांनी का सांभाळावं? दुकानाच्या मालकीणबाईंना कळेलच. त्या म्हणतील, चौकोनात खोटं लिहिणारी बाई औषधाच्या पुड्यांवर काय लिहीत असेल. त्यांना तसं म्हणायचा अधिकार आहे. तुलाही फोनबद्दल ओनोदेरासानना काही म्हणावं लागेल. त्याबद्दल माफी मागते. दारूकामाबद्दलही.

आणि एक. तू म्हणशील, शहाणी झालीस. तसं समजू नकोस. काल दुपारी आत्या खिडकीशी बसून डाव्या हाताने स्वतःच्याच उजव्या, मेलेल्या तळव्यावर काहीतरी काढत होती आणि ओठ हलवत होती. माझ्या मनात पहिलं हेच आलं की ती राहायूची आठवण काढते आहे. आणि आतून भडकलं. अजूनही भडकतं. बदली थांबली आणि ती मुलगी पुन्हा त्या टेबलाशी गुडघ्यांवर बसली, तर मी काचेबाहेर उभी राहून जळेनच. ते विझेपर्यंत थांबले तर परीक्षा होऊन जाईल.

सोमवारी का नाही, असं तू विचारशील. ओनोदेरासान सोमवारी मोरिओकाला बैठकीला आहेत, मंगळवारी त्यांची सुट्टी. बदलीचे कागद गुरुवारी जाणार आहेत, हे मी विचारून घेतलं. राहायूची पाळी बुधवारी सकाळची आहे, तेही विचारलं. दुकानातून रजा घेतली आहे. कारणाच्या रकान्यात "चूक दुरुस्त करणे" असं लिहिलं. मालकीणबाई म्हणाल्या, "कसली?" मी म्हटलं, "परत आले की सांगते."

बुधवारपर्यंत फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी तुला हसवायला बघेन, आणि मग सगळं पुन्हा "विशेष काही नाही" होईल. रागावला असशील तर पत्रात लिही. चौकोन कर आणि एकच शब्द लिही, मला समजेल.

आत्या आत्ता शेगडीजवळ जागी आहे. डोळे उघडे आहेत. मी खोलीत आहे तरी.

वहिनीला नमस्कार. तुझ्या दप्तरात हात घालणारी,

मिसाओ

शिक्का खिशात घेतला आहे. आत्याबरोबर व्हॅनमध्ये बसून मी जाणार आहे: बुधवार, १५ नोव्हेंबर, सकाळी पावणेनऊ.